शांत दर्याचे भय

तारकर्लीच्या किनाऱ्यावर किंवा कोकणातल्या एखाद्या खाडीत हल्ली तुम्ही लालपिवळ्या रंगाच्या अरुंद होड्या पाहिल्या असतील. दोन्ही टोकांना निमुळती, विणकराच्या धोट्यासारखी होडी; तीत एक माणूस पाय लांब करून बसतो, दोन्ही बाजूंना पाते असलेले वल्हे हातात घेतो आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी कापीत जातो. पाहुणे मंडळी हौसेने अर्धा तास फिरून येतात. या होडीला कयाक म्हणतात. आज ती प्लास्टिकची असते आणि करमणुकीची असते. पण ज्यांनी ती प्रथम बनवली त्यांच्या घरची चूल, म्हणजे खरे तर चरबीचा दिवा, या होडीवर चालत असे.

समुद्रावर माणूस कशाने मरतो, असे कुणी विचारले तर आपण चटकन सांगू, वादळाने. खवळलेला दर्या, डोंगराएवढ्या लाटा, तुटलेले शीड, हेच चित्र डोळ्यांपुढे येते. पण मी आज तुम्हांला सांगणार आहे ती हकीकत वाऱ्याचा श्वासही नसलेल्या दिवसाची आहे. पाणी आरशासारखे, आकाश निरभ्र, सूर्य झळाळतो आहे, आणि अशा दिवशी पिढीजात दर्यावर्दी माणूस आपल्या होडीत भीतीने थिजून बसला आहे. त्याला वल्हे उचलता येत नाही की मान वळवता येत नाही. हे एकदोघांना नव्हे, पुष्कळांना होत असे. आणि हे काय आहे ते समजायला जगाला बराच काळ लागला.

ही हकीकत ग्रीनलंडची. पृथ्वीच्या गोलावर अगदी वर, उत्तर ध्रुवाकडे, हे जगातले सर्वांत मोठे बेट आहे. आकाराने आपल्या भारताच्या सुमारे दोन तृतीयांश, पण वस्ती आजही साठ हजारांच्या आत. कारण उघड आहे. या भूमीचा सुमारे चार पंचमांश भाग बर्फाच्या जाड थराखाली आहे. माणसाला राहायला उरते ती किनाऱ्याची पट्टी. तीही कशी? उभे काळे कडे, त्यांच्यामध्ये कोसच्या कोस आत शिरलेल्या अरुंद खाड्या, किनाऱ्याला लागून असंख्य खडकाळ बेटे, आणि पाण्यावर तरंगणारे बर्फाचे डोंगर. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी सडक तिथे नाही. शेती जवळजवळ नाही. जे काही आहे ते समुद्रात आहे.

तिथल्या मूळ रहिवाशांना आपण शाळेच्या पुस्तकात एस्किमो म्हणून ओळखत आलो. ते स्वतःला इन्युइट म्हणवतात, आणि आपणही तेच नाव वापरावे हे बरे. या लोकांचे मुख्य अन्न म्हणजे सील नावाचा समुद्रातला सस्तन प्राणी. त्याचे मांस खायचे, चरबी दिव्यात जाळायची, कातड्याचे कपडे आणि तंबू करायचे, आतड्यांचे पारदर्शक पडदे शिवायचे. आपल्याकडे नारळाच्या झाडाचे काही वाया जात नाही म्हणतात ना, तसा तिकडे सील. आणि हा सील मारायचे साधन म्हणजे कयाक.

ही होडी बनवायची कशाची? ग्रीनलंडात होडीजोगे लाकूड देणारी झाडे नाहीत. पण निसर्गाची गंमत पाहा. सायबेरियातल्या मोठ्या नद्या आपल्या काठची उन्मळून पडलेली झाडे समुद्रात नेऊन टाकतात. ती बर्फात अडकतात, बर्फाबरोबर वर्षानुवर्षे वाहत राहतात आणि शेवटी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागतात. हे वाहून आलेले लाकूड निवडून त्याचा हलका सांगाडा बांधीत. लोखंडी खिळा नाही. लाकडी खुंट्या आणि चामड्याच्या वाद्या. सांगाडा पुरुषाने करायचा आणि त्यावर सीलचे कातडे चढवायचे ते बायकांनी. कातडी तुकड्यातुकड्यांनी जोडताना प्राण्यांच्या स्नायूंचा दोरा वापरीत, आणि टाका असा घालीत की सुई कातड्याच्या आरपार जाऊ नये. छिद्रच पडले नाही तर पाणी शिरेल कुठून? वरून शिवणीला चरबी चोपडायची. नवरा दर्यावर गेला की त्याचा जीव बायकोच्या टाक्यावर असे, हे अक्षरशः खरे होते.

ही होडी सुमारे पाच मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद. ज्याची त्याने आपल्या शरीराच्या मापाने करायची. हाताची वाव किती, मांडीची रुंदी किती, हे पाहून. म्हणजे ती शिंप्याने शिवलेल्या बाराबंदीसारखी अंगाबरोबर बसायची. एकटा माणूस उचलून नेईल इतकी ती हलकी. वरचा भागही कातड्याने बंद, मध्ये फक्त कमरेएवढे भोक. त्यात बसल्यावर कातड्याचा अंगरखा त्या भोकाच्या कडेला घट्ट बांधायचा. मग माणूस आणि होडी वेगळी राहत नाही. होडी उलटली तर माणूसही पाण्याखाली उलटा होतो. पण वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने तो पुन्हा कोलांटी घेऊन वर येतो. ही कोलांटी पोरवयापासून शिकायची. वल्हे हातातून निसटले तर नुसत्या हाताने कसे वर यायचे, एक हात दोरीत गुंतला तर दुसऱ्याने कसे, अशा प्रत्येक अपघाताला वेगळी कोलांटी होती. त्या पाण्याचा गारवा असा की बाहेर पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. बहुतेकांना पोहता येत नसे, आणि येऊनही फारसा उपयोग नव्हता. होडीतच राहणे हाच जगण्याचा मार्ग.

तेव्हा या लोकांना समुद्राचे भय नव्हते असे नाही, पण भयाला तोंड कसे द्यायचे ते त्यांना ठाऊक होते. 1888 साली नॉर्वेचा फ्रित्योफ नान्सेन हा संशोधक ग्रीनलंडचा बर्फाळ मुलूख आडवा ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर आला. शेवटचे जहाज चुकल्यामुळे त्याला हिवाळा तिथेच, आज ज्याला नूक म्हणतात त्या गावी, काढावा लागला. या मुक्कामात तो स्थानिक लोकांकडून कयाक चालवायला शिकला. पुढे 1891 साली त्याने या लोकांच्या जीवनावर पुस्तक लिहिले, आणि कयाकवाल्यांचे धाडस आणि कसब त्यात मोठ्या आदराने वर्णिले. अशा लोकांना कुणी भित्रे म्हणणार नाही.

आता तो शांत दिवस डोळ्यांपुढे आणा.

सकाळी शिकारी एकटाच निघाला आहे. कड्यांच्या पायथ्यापायथ्याने, बेटांमधून वाट काढीत तो मोकळ्या पाण्यावर आला. पुढ्यात भाल्याची दोरी नीट वेटोळे करून ठेवली आहे. मागे फुगवलेल्या कातड्याचा तरंगता फुगा बांधला आहे. भाला लागलेला सील बुडी मारून पळाला तरी हा फुगा पाण्यावर राहून त्याला दमवतो आणि कुठे गेला तेही सांगतो. सील श्वास घ्यायला वर येणार. कधी येणार, कुठे येणार, ते सांगता येत नाही. तेव्हा हालचाल न करता, आवाज न करता वाट पाहायची. आपल्याकडे बगळा उभा राहतो तसे. घटका जाते, दोन घटका जातात.

वारा पूर्ण पडला आहे. पाण्यावर एक सुरकुती नाही. काळे कडे पाण्यात उलटे दिसताहेत, बर्फाचे डोंगरही उलटे दिसताहेत. आकाश कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ती रेघच पुसून गेली आहे. समोरचे ऊन पाण्यावरून डोळ्यांत शिरते आहे. आणि मग एकाएकी शिकाऱ्याला वाटू लागते की होडीचे टोक लांब चालले आहे, वर उचलले जात आहे, होडी कलते आहे. पायांकडून गारवा चढतो. वाटते, आत पाणी शिरले, होडी बुडते आहे. वास्तविक होडी जागच्या जागी आहे, कोरडी ठणठणीत आहे. पण अंगाला कापरे भरते, हात वल्ह्यावर चिकटून बसतात. काहींना वाटे की पाठीमागे काहीतरी आहे. पण वळून पाहायची छाती होत नसे, कारण जरा हललो तर उलटू अशी खात्री झालेली. आणि अशा भीतीने आखडलेला माणूस खरोखरच उलटला, तर ती रोजची कोलांटी त्याला घेता येईलच असे नाही.

मग सुटका कशाने होई? कधी वाऱ्याची लहानशी झुळूक येई, पाण्यावर लहरी उठत, आणि डोळ्यांवरची भूल उतरल्यासारखी तो भानावर येई. कधी दुसरा कयाकवाला दुरून दिसे. तो जवळ आला, बोलला, होडीला होडी लावली, की हातपाय पुन्हा चालू लागत. लक्षात घ्या, मंडळी, दुसरा माणूस काही औषध देत नसे, काही मंत्र घालीत नसे. त्याचे नुसते जवळ असणे पुरे होई. तिथल्या भाषेत या भयाला नंगिआर्नेक असे नाव होते. नाव होते, याचा अर्थ लोक त्याला ओळखून होते.

पण सुटका झाली तरी गोष्ट संपत नसे. एकदा हा अनुभव आला की माणूस धास्तावे. पुढच्या वेळी किनाऱ्यापासून फार लांब जायचे टाळी. मग एकट्याने जायचे टाळी. काहींनी तर कयाक कायमचा टांगून ठेवला. आता त्या घराचे काय होत असेल? ज्या घरात कमावता शिकारी नाही त्या घरात मांस नाही, दिव्याला चरबी नाही, पोरांना नवे कपडे नाहीत. गावात शिकार वाटून खाण्याची रीत होती, त्यामुळे उपासमार लगेच होत नसे. पण रोज दुसऱ्याच्या वाट्यातले घेणारा हात खाली राहतो तो राहतोच. आणि या पुरुषाच्या अंगावर जखम नाही, ताप नाही, हात मोडलेला नाही. चांगला धडधाकट दिसतो. मग लोक काय म्हणतील ते तुम्हांआम्हांला सांगायला नको.

दुसरी बाजू सरकारची. 1721 साली हान्स एगेडे हा धर्मोपदेशक तिथे गेला तेव्हापासून डेन्मार्कचे पाय ग्रीनलंडात रोवले गेले. 1776 साली तिथल्या साऱ्या व्यापाराचा मक्ता डॅनिश सरकारच्या व्यापारखात्याकडे गेला, आणि तो 1950 सालापर्यंत तसाच राहिला. सीलच्या चरबीचे तेल युरोपात दिव्यांसाठी जाई. म्हणजे एकेक शिकारी हा घराला जसा हवा होता तसाच सरकारी वखारीलाही हवा होता. धट्टेकट्टे शिकारी दर्यावर जाईनासे झाले, तेव्हा डॅनिश डॉक्टरांनी कारणे शोधायला सुरुवात केली. काहींनी सांगितले की हा तंबाखूचा परिणाम. काहींनी कॉफीला दोष दिला. आता तंबाखू आणि कॉफी या दोन्ही वस्तू तिकडे आणल्या कुणी? व्यापारी जहाजांनीच! पण ते असो.

ग्रीनलंडात पुष्कळ वर्षे काम केलेले आल्फ्रेड बेर्टेल्सेन नावाचे एक डॅनिश डॉक्टर होते. त्यांनी रोग्यांना विचारून, त्यांच्या हकिकती जमवून 1905 साली या विषयावर लेखन प्रसिद्ध केले. या हकिकतींतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: वादळात नव्हे, तर पाणी निवांत असताना, ऊन डोळ्यांवर असताना, माणूस एकटा आणि निश्चल बसलेला असताना हे होते. नवशिक्यालाच होते असेही नाही. मुरलेल्या शिकाऱ्यालाही होते. म्हणजे ज्या गुणांमुळे तो चांगला शिकारी ठरे, तो धीर, ती एकाग्रता, तासन्‌तास न हलता बसण्याची सवय, त्याच गुणांच्या वाटेने हे संकट येत होते.

याचे कारण काय? शिक्षक बंधुभगिनींनी एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहावा. मुलांना एका पायावर उभे राहायला सांगा. डोळे उघडे असतील तर बहुतेक मुले सहज उभी राहतील. मग डोळे मिटायला सांगा. पाहा कशी डोलू लागतात! आपला तोल तीन साक्षीदारांवर चालतो. एक डोळे, दुसरा कानाच्या आतली तोल सांभाळणारी नाजूक रचना, आणि तिसरे पायांचे तळवे, स्नायू आणि सांधे. कयाकमध्ये पायांखाली जमीन नाही. क्षितिजाची रेघ पुसल्यामुळे डोळ्यांना धरायला काही नाही. शरीर हलत नसल्यामुळे कानालाही नवी वार्ता मिळत नाही. तिन्ही साक्षीदार गप्प झाले की मेंदू आपल्या मनानेच काहीतरी साक्ष देऊ लागतो, आणि ती खोटी असते. झुळूक आली की डोळ्यांना लाट दिसते, होडी किंचित हलते, आणि खरी साक्ष पुन्हा सुरू होते.

गंमत अशी की याच जातीचा अनुभव पुढे विमान चालवणाऱ्यांना आला. फार उंचावर, एकटे, करायला फारसे काही नाही आणि भोवती नुसते आकाश. अशा वेळी आपण पृथ्वीपासून तुटलो असे वैमानिकांना वाटते, असे अमेरिकन नौदलाच्या वैद्यक संशोधकांनी 1957 साली नोंदले. 1963 साली झॅकरी गुसो या अभ्यासकाने ग्रीनलंडच्या जुन्या हकिकती पुन्हा तपासून लेख लिहिला. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी एकाएकी येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांशीही त्याचे साम्य दाखवले. थोडक्यात, जेट विमानातल्या तरुण वैमानिकाला जे होऊ शकते तेच कातड्याच्या होडीतल्या शिकाऱ्याला होत होते. एकाला भित्रा म्हणायचे आणि दुसऱ्याचा अभ्यास करायचा, हा न्याय बरोबर नव्हे.

मग या भयाचे पुढे काय झाले? 1920 च्या सुमारास पश्चिम ग्रीनलंडजवळचा समुद्र थोडा उबदार झाला. कॉड जातीचा मासा मोठ्या संख्येने आला, सील कमी झाले. लोक हळूहळू मासेमारीकडे वळले. मासेमारी मोठ्या होडीतून, दोघेचौघे मिळून करायची. पुढे यंत्रावर चालणाऱ्या होड्या आल्या. एकट्याने निश्चल बसायचे कामच उरले नाही, आणि त्याबरोबर हे भयही ओसरले. पण कयाकही ओसरला. सांगाडा बांधणारे, आरपार न जाणारा टाका घालणारे हात म्हातारे झाले. पोरांना कोलांटी शिकवायची कशाला, असा प्रश्न पडू लागला. एक वेळ अशी आली की ही होडी जन्मभूमीपेक्षा परदेशातल्या संग्रहालयांत जास्त दिसावी.

ग्रीनलंडला 1979 साली अंतर्गत स्वराज्य मिळाले, आणि त्याच काळात तरुणांना आपल्या या ठेव्याची आठवण झाली. त्यांनी उरल्यासुरल्या जाणत्या म्हाताऱ्यांना गाठले आणि 1985 साली साऱ्या देशाचा कयाक संघ उभा केला. त्यांच्या वार्षिक स्पर्धांत तीसहून अधिक प्रकारच्या कोलांट्या घेऊन दाखवाव्या लागतात. पाहणाऱ्याला ती कसरत वाटते. पण त्यातली एकेक कोलांटी म्हणजे कुणा शिकाऱ्यावर आलेल्या एकेका प्रसंगाची आठवण आहे. आणि आता ही विद्या घोळक्याने शिकतात, काठावर माणसे उभी असतात.

श्रोतेहो, इतिहासात आपण वादळांची नोंद ठेवतो. अमुक साली तुफान झाले, तमुक साली जहाजे फुटली, इतकी माणसे गेली. शांत दिवसाची नोंद कोण ठेवणार? ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर किती कयाक अशा निवांत दिवशी परत आले नाहीत, त्याचा हिशेब कुणाच्या वहीत नाही. आपल्याकडेही वडीलधारी माणसे सांगतात, टळटळीत दुपारी एकट्याने माळावर जाऊ नये, एकट्याने डोहात उतरू नये. आपण त्याला भुताखेतांची गोष्ट म्हणून हसतो. भूत असेल नसेल. पण एकटेपणा, झगझगीत ऊन आणि निःशब्दता यांचा माणसाच्या मनावर भार पडतो, हे जुन्या माणसांना अनुभवाने कळले असावे.

म्हणून पुन्हा कधी तारकर्लीला त्या लालपिवळ्या होड्या पाहाल तेव्हा पाणी शांत आहे म्हणून कुणाला एकट्याने लांब जाऊ देऊ नका. आणि एखादा धडधाकट गडी, काही झालेले दिसत नसताना, कामावर जाईनासा झाला. किंवा वर्गातला एखादा हुशार मुलगा फळ्यासमोर उभा राहून थिजला, तर त्याला भित्रा म्हणण्याची घाई करू नका. ग्रीनलंडचा दुसरा कयाकवाला काय करी? तो आपली होडी वल्हवीत जवळ नेई, होडीला होडी लावी आणि दोन शब्द बोले. तेवढ्याने माणूस घरी परतत असे.